हिमालयाचा थार आणि परदेशातील शिकारीची सफर



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही श्रोत्यांच्या मनात असा प्रश्न आला असेल की, या ज्ञानसत्रात शिकारीच्या सफरीची आखणी कशासाठी? आपल्या देशात शिकारीचा काळ केव्हाच संपला. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि 1991 च्या दुरुस्तीने हौशी शिकाऱ्याला परवाना देण्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. ते योग्यच झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही मी हा विषय निवडला, कारण परदेशातल्या एका डोंगरी शिकारीची तयारी कशी करतात हे नीट पाहिले, तर त्यातून एक असा प्रश्न उभा राहतो की, ज्याने कधी बंदूक हातात धरली नाही त्यालाही तो टाळता येत नाही.

मी ज्या प्राण्याविषयी बोलणार आहे त्याचे नाव थार. राजस्थानच्या वाळवंटाशी त्याचा काही संबंध नाही. हा हिमालयाच्या कड्यांवर राहणारा, शेळीच्या कुळातला एक दणकट प्राणी. नेपाळात त्याला झारल म्हणतात. त्याच्या शास्त्रीय नावातला 'जेमलाहिकस' हा शब्द नेपाळातल्या जुमला या प्रदेशावरून आला आहे. आपल्याकडे दक्षिणेत निलगिरी थार म्हणून जो प्राणी प्रसिद्ध आहे, तो पूर्वी याचाच सख्खा भाऊ समजला जाई. पण 2005 साली झालेल्या अभ्यासाने तो मेंढ्यांना अधिक जवळचा ठरला आणि त्याची प्रजातीच वेगळी करण्यात आली. हिमालयातल्या थाराचा नर हिवाळ्यात पाहावा. मानेपासून गुडघ्यांपर्यंत तपकिरी-सोनेरी आयाळ लोंबत असते आणि वारा सुटला की ती गवतासारखी लाटा मारते. शिंगे मात्र आखूड, मागे वळलेली.

हा प्राणी भारतात कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. हिमाचलात किंवा उत्तराखंडात कोणी थार मारला, तर तीन ते सात वर्षांची कैद ठरलेली. आणि हाच थार न्यूझीलंडमध्ये सरकार स्वतःच्या खर्चाने, हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून मारते. इकडे कैद, तिकडे सरकारी खर्चाने संहार! प्राणी एकच, आणि न्याय दोन. असे का झाले, हे आधी समजून घेऊ.

न्यूझीलंडची भूमी कोट्यवधी वर्षे इतर भूभागांपासून तुटून राहिली. माणूस तिथे पोहोचण्यापूर्वी त्या बेटांवर वटवाघळे सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता. ना हरीण, ना शेळी, ना उंदीर. तिथली झाडेझुडपे खुरांची आणि दातांची सवय न होताच वाढली. युरोपीय वसाहतवाले आले तेव्हा त्यांना हे उंच डोंगर रिकामे वाटले. 1901 साली तिथल्या सरकारने पर्यटनासाठी स्वतंत्र खाते काढले. पाहुणे यावेत, त्यांनी डोंगर चढावेत, शिकार करावी, हॉटेलात पैसे खर्चावेत, हा त्या खात्याचा हेतू. 1904 साली इंग्लंडच्या ड्यूक ऑफ बेडफर्डने आपल्या वोबर्न येथील उद्यानातले काही थार भेट म्हणून पाठवले, आणि त्यांतले पाच माउंट कुकच्या पायथ्याशी, हर्मिटेज हॉटेलच्या परिसरात सोडण्यात आले. 1907 मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाकडून शामॉय आले. 1909 मध्ये आणखी थार आले. थोडक्यात, थार तिथे गेला तो शिकारी पाहुण्यासाठीच गेला. हे ध्यानात ठेवा. पुढे ते उपयोगी पडणार आहे.

पुढची गोष्ट आपण ओळखली असेलच. हिमालयात थाराच्या मागावर हिमबिबट्या असतो. न्यूझीलंडमध्ये त्याला वैरीच नव्हता. कळप वाढले. बर्फरेषेखालचे उंच गवत, आणि जगातले सर्वांत मोठे बटरकप समजले जाणारे, ज्याला तिकडे माउंट कुक लिली म्हणतात ते पांढरे फूल, त्यांच्या तोंडी पडले. 1930 साली थाराचे संरक्षण काढून घेतले आणि 1937 पासून सरकारी बंदूकवाले त्याच्या मागे लागले. 1970 नंतर हेलिकॉप्टरमधून मांसासाठी व्यापारी शिकार सुरू झाली, तेव्हा थार इतके घटले की 1983 साली ती शिकार थांबवावी लागली. 1993 साली एक आराखडा झाला आणि थार एकंदर दहा हजारांच्या वर जाऊ द्यायचे नाहीत असे ठरले. पण 2016 ते 2019 या काळात संरक्षण खात्याने गणती केली, तेव्हा एकट्या सरकारी जमिनीवरच सुमारे 34 हजार थार असावेत असा अंदाज निघाला. खात्याने संहार वाढवला, शिकारी संघटना चिडल्या, आणि 2020 साली प्रकरण उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने संबंधितांशी पुन्हा विचारविनिमय करावा असे खात्याला सांगितले. वाद त्यानंतरही मिटला नाही.

अशा देशात थाराच्या शिकारीला जायचे झाले तर तयारी कशी करावी?

पहिली गोष्ट ऋतूची. आपण इथे वैशाखातल्या उकाड्यात पंखे हलवीत बसलो असतो, तेव्हा तिकडे हिवाळा उंबरठ्यावर असतो. मे ते जुलै हा थाराचा माजाचा काळ. नर माद्यांच्या कळपात येतात, आयाळ पूर्ण भरलेली असते. म्हणून बहुतेक पाहुणे याच महिन्यांत जातात. पण जूनमध्ये तिथला दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो. सकाळी आठला उजेड, पाचला अंधार. डोंगर चढून, जनावर शोधून, अंधारापूर्वी खाली उतरायचे, हा सगळा हिशेब त्या नऊ तासांत बसवावा लागतो.

दुसरी गोष्ट वाटाड्याची. सरकारी संरक्षित जमिनीवर पैसे घेऊन शिकारी नेणाऱ्या वाटाड्याला खात्याची परवानगी घ्यावी लागते. ती त्याच्याजवळ आहे की नाही, हे पत्र लिहून आधी विचारावे. चांगला माणूस राग मानत नाही. शिकार सरकारी डोंगरावर आहे, खाजगी मेंढवाडीच्या विस्तीर्ण रानावर आहे, की कुंपण घातलेल्या आवारात, हेही विचारावे. कुंपणातल्या जनावराला शोधायचे श्रम नसतात. मग ती शिकार कसली, तो खाटिकखाना! हेलिकॉप्टरने जनावर हाकून पाहुण्यासमोर आणण्याचा प्रकारही तिकडे आहे आणि त्यावर तिथलेच शिकारी टीका करतात. दर साधारणपणे दोन भागांत असतो: रोजची मजुरी वेगळी आणि मारलेल्या जनावराचे मोल वेगळे. जखमी होऊन निसटलेल्या जनावराचेही मोल द्यावे लागते का, हे आधीच ठरवून घ्यावे. जो वाटाड्या 'हो, द्यावेच लागते' म्हणतो तो लोभी आहे असे समजू नका. त्या अटीमुळे पाहुण्याचे बोट घोड्यावर जरा जपून पडते.

तिसरी गोष्ट बंदुकीची. आपली रायफल येथून नेणे म्हणजे दोन्ही देशांच्या कागदपत्रांचा डोंगर चढणे. त्यापेक्षा वाटाड्याची रायफल वापरावी. परवानाधारकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली पाहुण्याला ती चालवता येते. 2019 साली क्राइस्टचर्चच्या मशिदींतील हत्याकांडानंतर तेथील शस्त्रांचे कायदे फार कडक झाले, हेही विसरू नये. शिवाय न्यूझीलंडच्या विमानतळावर बुटांच्या तळव्याचा चिखलसुद्धा तपासतात. सह्याद्रीतल्या भटकंतीचे बूट घासून स्वच्छ करूनच पेटीत घालावेत. घरून मायेने बांधून दिलेला चिवडा-लाडू आधीच्या कागदावर लिहून दाखवावा. नाही दाखवला तर जागीच दंड होतो.

चौथी गोष्ट देहाची. उंचीचा त्रास तिथे फारसा नाही. थार बहुतेक दोन हजार मीटरच्या आसपास किंवा त्याहून खालीच भेटतो. त्रास आहे तो उताराचा. आपला सह्याद्रीचा काळा पत्थर हाताला आधार देतो. तिथला दगड ठिसूळ, घसरणारा. हिवाळ्यात गवताच्या उतारावर बर्फाचे कवच चढते आणि पाय सुटला की माणूस शेकडो फूट घसरत जातो. बुटांना लावायचे लोखंडी काटे आणि हिमकुऱ्हाड वापरता येणे, हे तिथे बंदूक चालवण्याइतकेच महत्त्वाचे. निघण्यापूर्वी तीन-चार महिने पाठीवर दहा किलो ओझे घेऊन आठवड्यातून दोनदा सिंहगड चढावा. उतरण्याचा सराव चढण्याहून अधिक करावा. याच डोंगरांत एडमंड हिलरी घडले; 1948 साली त्यांनी माउंट कुक चढला, आणि पाच वर्षांनी एव्हरेस्ट. तो डोंगर हलका नव्हे, एवढे यावरून ध्यानात यावे.

पाचवी गोष्ट प्रत्यक्ष गोळीची. इथे घाई चालत नाही. दुर्बिणीने तासन्‌तास डोंगर वाचावा लागतो. शिंगांवरच्या वार्षिक वळ्यांवरून नराचे वय काढता येते. वयस्क नर निवडायचा तर डोळा तिथे हवा. तीव्र उतारावर वर किंवा खाली मारलेली गोळी सपाटीवरच्या अंदाजापेक्षा वर लागते, कारण गुरुत्वाकर्षण आडव्या अंतरापुरतेच काम करते. आणि सर्वांत मोठा नियम असा की, जनावर मेल्यावर कुठे पडेल ते आधी पाहावे. कड्यावर उभा असलेला थार मारला तर तो दरीत जातो. मांस जाते, शिंग जाते, आणि जीव फुकट जातो. चांगला वाटाड्या अशा वेळी पाहुण्याचा हात धरतो. त्या क्षणी पाहुण्याने रुसू नये. आपण पैसे दिले आहेत ते याच हाताचे दिले आहेत.

सहावी गोष्ट परतीची. थाराचे मांस खातात. ते सोडून यायचे नाही. शिंग किंवा आयाळीचे कातडे भारतात आणण्याच्या फंदात मात्र पडू नये. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याचे शिंग घरात सापडले, तर ते न्यूझीलंडचे की हिमाचलाचे हे ते शिंग स्वतः सांगत नाही. छायाचित्र आणावे, ते भिंतीला पुरते.

आता मी सुरुवातीला म्हटलेल्या प्रश्नाकडे येतो. थार मारणारा परदेशी पाहुणा म्हणतो, 'मी तिथल्या निसर्गावर उपकार करतो. परक्या प्राण्याची संख्या कमी करतो.' ऐकायला हे बरे वाटते. पण हिशेब करून पाहा. पाहुण्याला हवा असतो आयाळीचा म्हातारा नर. कळप वाढतो तो मादीमुळे. दहा नर मारले आणि माद्या तशाच राहिल्या, तर पुढच्या वर्षी कळप तेवढाच. म्हणजे उपकार झाला नाही, हौस झाली. आणि वाटाड्याचे पोट कशावर? थार डोंगरावर राहण्यावर. म्हणून तो मनापासून थार संपावा असे म्हणणार नाही. 1904 साली थार आणला तो पाहुण्यासाठी, आणि आजही तो काही अंशी पाहुण्यासाठीच टिकून आहे. वनस्पतींच्या बाजूने उभे राहणारे आहेत ते सरकारी खाते, वनस्पतिप्रेमी आणि नाई ताहू ही तिथली माओरी जमात. या जमातीसाठी माउंट कुक हा नुसता डोंगर नाही. त्यांच्या भाषेत तो आओराकी, त्यांचा पूर्वज. 1998 च्या कायद्याने त्याचे हे नाव त्याला अधिकृतपणे परत मिळाले. आपल्याला कैलासाविषयी जे वाटते ते त्यांना आओराकीविषयी वाटते, एवढे म्हटले म्हणजे पुरे.

मग ही सफर करावी की करू नये? मी निकाल देणार नाही. एक कसोटी मात्र सांगतो. वाटाड्याला पहिल्याच पत्रात लिहावे: 'मला एक नर दाखवाल, तर मी दोन माद्याही मारीन, आणि त्यांचे मांस खाली वाहून आणीन.' मादीला भिंतीवर टांगण्याजोगी आयाळ नाही. तिचे छायाचित्र कोणी मित्रांना दाखवीत नाही. तिला मारणे हे निव्वळ काम आहे, आणि तेही जड मनाने करायचे काम. हे वाक्य लिहिताना ज्याचा हात अडखळतो, त्याने ओळखावे की त्याला डोंगराची चिंता नाही, शिंगाची आहे. ज्याला ते काम करायचे नाही, पण डोंगर पाहायचा आहे, त्याने बंदुकीऐवजी दुर्बीण घेऊन जावे. थार त्याला तितकाच दिसेल.

आणि आपल्यासारख्यांनी, जे कधीच जाणार नाहीत त्यांनी, यातून काय घ्यावे? एवढेच की, प्राण्याला दुष्ट किंवा पवित्र ठरवण्याचा आपला अधिकार फार तोकडा आहे. थार हिमालयात राहिला तर तो डोंगराची शोभा. माणसाने उचलून दुसरीकडे टाकला की तोच डोंगराचा काळ. दोष थाराचा नाही. हौसेपायी काही जनावरे जहाजात चढवणाऱ्यांना, पुढे शंभर वर्षे बंदुका चालवाव्या लागतील याची कल्पना नव्हती. आज आपणही ओढ्यात परदेशी मासा सोडतो, टेकडीवर परदेशी झाड लावतो, तेव्हा आपल्यालाही ती नसते. निदान थाराची गोष्ट ऐकल्यावर, जहाज बंदरात असतानाच एकदा विचारावे की हे जनावर उतरल्यावर कोण सांभाळणार.