रिकाम्या वेळची कमाई



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. परवा एका स्नेह्यांनी आम्हांला रस्त्यातच गाठले व म्हणाले, “अहो, त्या व्हिडिओ गेमपायी पोरे पुस्तकाला हात लावीत नाहीत, आणि तुम्ही त्याचा इतिहास सांगायला निघालात!” त्यांचा राग आम्हांला समजतो. परंतु ज्याच्यावर रागवायचे त्याचे कूळ तरी ठाऊक असावे, आणि हे कूळ मोठे चमत्कारिक आहे. दुकानदार त्यात मागाहून आले. आरंभ झाला तो लढाईची यंत्रे बनविणाऱ्या गंभीर माणसांच्या रिकाम्या वेळात.

विल्यम हिगिनबॉथम हे अमेरिकन पदार्थवैज्ञानिक. दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामॉस येथे अणुबाँबच्या विद्युत् मंडलांचे काम त्यांच्याकडे होते. बाँब पडल्यावर हा मनुष्य अंतर्मुख झाला, आणि अण्वस्त्रांना आळा घालावा म्हणून शास्त्रज्ञांची जी संस्था निघाली तिच्या संस्थापकांत तो होता. १९५८ साली ते न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत उपकरण विभागाचे प्रमुख होते. तेथे वर्षातून एकदा लोकांना प्रयोगशाळा दाखवीत. लोक येत, तक्ते आणि मुकी यंत्रे पाहत आणि जांभया देत परत जात. हिगिनबॉथम यांना वाटले, यांच्या हाती काहीतरी द्यावे.

त्यांच्यापाशी एक छोटे गणकयंत्र होते. तोफेच्या गोळ्याचा मार्ग त्यावर कसा काढावा हे त्याच्या माहितीपुस्तकात दिलेले होते, आणि त्यातच उसळणाऱ्या चेंडूचेही उदाहरण होते. गोळा कोठे पडेल हे सांगणारे गणित आणि चेंडू कोठे उसळेल हे सांगणारे गणित, दोन्ही एकच! दोन तासांत त्यांनी आराखडा केला. रॉबर्ट ड्वोराक या तंत्रज्ञाने तीनेक आठवड्यांत जोडणी केली. पाच इंचांच्या वाटोळ्या पडद्यावर एक आडवी रेघ म्हणजे मैदान, मध्ये छोटी उभी रेघ म्हणजे जाळे, आणि एक प्रकाशाचा ठिपका. खेळाडूच्या हाती एक बटण व एक फिरकी. शेकडो लोक रांग लावून उभे राहिले. पुढच्या वर्षी पडदा मोठा केला आणि चंद्रावर किंवा गुरू ग्रहावर टेनिस कसे होईल तेही दाखविले. मग सुटे भाग दुसऱ्या कामाला हवे होते, म्हणून खेळ मोडून टाकला. एकस्वाचा अर्जही कोणी केला नाही. आपण कशासाठी लक्षात राहावे असे त्यांना विचाराल, तर ते अण्वस्त्रविरोधी कार्याचेच नाव घेत.

अशीच गोष्ट एम.आय.टी. या विद्यापीठातली. सव्वा लाख डॉलरच्या आसपास किंमत असलेले पी.डी.पी.-१ हे गणकयंत्र १९६१ साली तेथे आले. रात्री यंत्र मोकळे सापडले की स्टीव्ह रसेल आणि त्यांचे सोबती त्यावर जमत. १९६२ मध्ये त्यांनी ‘स्पेसवॉर’ सिद्ध केला : दोन याने, मध्ये ओढणारा तारा, आणि मागे खऱ्या आकाशातली नक्षत्रे. याची विक्री झाली नाही. आज्ञावलीच्या फिती हातोहात गेल्या. ज्याला जे सुचले ते त्याने जोडले. आपल्याकडच्या ओव्या जशा जात्यावर वाढल्या, तसाच हा प्रकार!

राल्फ बेअर हे नाझींच्या छळामुळे १९३८ साली जर्मनीतून अमेरिकेत आलेले ज्यू निर्वासित. नोकरी संरक्षणखात्याचा माल बनविणाऱ्या कंपनीत. घरोघर पडलेल्या टेलिव्हिजनचा आणखी काही उपयोग होईल काय, हा विचार त्यांच्या मनात १९६६ साली आला. त्यातूनच १९७२ मध्ये ‘ओडिसी’ हा पहिला घरगुती खेळ बाजारात आला. त्याच वर्षी अटारी कंपनीच्या अ‍ॅलन अल्कॉर्न यांनी ‘पाँग’ तयार केला. तो कॅलिफोर्नियातील एका मद्यगृहात ठेवला. यंत्र बिघडले म्हणून बोलावणे आले, जाऊन पाहतात तो नाण्यांनी पेटी तुंबलेली! येथून पुढे नाण्यांचे राज्य सुरू झाले. ‘तीन प्राण’ ही कल्पना त्या नाण्याचीच लेक. खेळणारा फार लवकर मेला तर चिडतो, फार वेळ जगला तर मालकाचे नुकसान. आमच्या स्नेह्यांच्या रागाची मुळे येथे आहेत, आणि तेवढ्यापुरते आम्ही त्यांच्याच बाजूचे.

परंतु हे खेळ टिकले ते नाण्यांमुळे नव्हे. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ केला. पडद्यावर पंचावन्न शत्रू. इतकी चित्रे हलविताना यंत्राला धाप लागे. शत्रू मरत गेले की भार हलका होऊन उरलेले भराभर धावू लागत. निशिकादो यांनी ही खोड काढली नाही, तशीच ठेवली. शेवटचा एकटा शत्रू सर्वांत वेगाने पळतो, आणि छाती धडधडते! मारिओला मिशा आहेत त्याही याचसाठी : १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये मोजक्या ठिपक्यांत तोंड उमटेना, केस काढता येईनात; म्हणून मिशा आणि टोपी. १९९० नंतर आपल्या गावोगावच्या घरांतही टीव्हीला डबा जोडून, पिवळ्या कॅसेटीत फुंकर मारून मुलांनी याच मिशाळ माणसाला उड्या मारायला लावले.

सर्वांत नेमके उदाहरण मॉस्कोचे. अलेक्सी पाजित्नोव्ह हे सोव्हिएट विज्ञान अकादमीच्या गणनकेंद्रातील संशोधक. १९८४ साली ‘टेट्रिस’ रचताना त्यांच्या यंत्राला चित्र काढताच येत नव्हते. त्यांनी कंसांच्या जोड्यांचे चौकोन केले. चार चौकोनांचे सातच आकार होतात. भूमितीच तसे सांगते. ते रचू लागताच पडदा क्षणात भरून जाई, म्हणून भरलेली ओळ नाहीशी करायची युक्ती निघाली, आणि तीच खेळाचा प्राण ठरली. जगभर लाखो प्रती खपल्या. हक्क सरकारकडे होते. कर्त्याच्या हाती मोबदला पडू लागला तो १९९६ नंतर.

आता मुद्द्याची गोष्ट. पुस्तक शंभर वर्षे कपाटात पडले तरी उघडता येते. या खेळांचे तसे नाही. यंत्र गेले की खेळ गेला. अमेरिकेतील व्हिडिओ गेम इतिहास प्रतिष्ठानने २०२३ साली पाहणी केली, तेव्हा २०१० पूर्वी तेथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात मिळेनासे झालेले आढळले. कॅलिफोर्नियातील संगणक संग्रहालयात जुन्या पी.डी.पी.-१ ची डागडुजी करून त्यावर ‘स्पेसवॉर’ चालवून दाखवितात, पण असे भाग्य किती खेळांचे?

ब्रुकहेवनने १९९७ साली आपल्या पन्नाशीनिमित्त हिगिनबॉथम यांचा खेळ पुन्हा उभारायचे ठरविले. पूर्वी जे तीन आठवड्यांत झाले त्याला आता तीन महिने लागले, कारण जुने भाग मिळेनात. अखेर तो ठिपका पडद्यावर पुन्हा उसळला. हिगिनबॉथम मात्र ते पाहायला नव्हते. तीन वर्षांपूर्वीच ते वारले होते.