मुलीची सायकल मुलीकडेच राहू द्या

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी निवडलेला विषय काहींना किरकोळ वाटेल. प्रवेश, निकाल, शिष्यवृत्ती हे सोडून सायकलीवर काय बोलायचे? परंतु वर्गशिक्षक या नात्याने माझा अनुभव असा, की नववी-दहावीच्या हजेरीपटावर एखाद्या मुलीच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढू लागल्या, की कारण बहुधा अभ्यासाचे नसते. वडील पाळीवर गेलेले असतात, भावाला सवड नसते, रिक्षाचे भाडे थकलेले असते. मुलगी हुशार असते. तिला पोचविणारा कोणी नसतो, एवढेच.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. माझी मोठी बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, दहावीपर्यंत सायकलने शाळेत गेली. पुढे घरात ठरले, की आता ती मोठी झाली. सायकल माझ्याकडे आली. मी ती आनंदाने घेतली, नवी घंटी बसविली, आणि आपाला एका शब्दानेही विचारले नाही. कॉलेज रुळांच्या पलीकडे. रोज पोचविणार कोण, या प्रश्नावर तिचे शिक्षण थांबले. त्याच सायकलवर मी बी.ए. झालो.

आपल्या भुसावळचे रेल्वेने दोन भाग केले आहेत. शाळा एकीकडे, बाजार दुसरीकडे, दवाखाना तिसरीकडे. अंतरे दोन-तीन किलोमीटरची. उन्हात पायी जायला फार, रोज रिक्षा करायला महाग. सायकलीला मात्र पंधरा-वीस मिनिटे पुरतात. हे पुरुषांना ठाऊक आहे, म्हणूनच आजवर घरातली सायकल त्यांच्याकडे राहिली.

तामिळनाडूतील पुदुक्कोट्टै हा जिल्हा काही श्रीमंत नव्हे. तेथे 1991 च्या सुमारास साक्षरतेच्या मोहिमेबरोबरच स्त्रियांना सायकल शिकविण्यात आली. शीला राणी चुंकत या जिल्हाधिकारी होत्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, बालवाड्या चालविणाऱ्या बाया शिकल्या. त्यांत मुस्लिम घरांतल्याही होत्या. 1992 साली सत्तर हजारांहून अधिक स्त्रियांनी जाहीरपणे सायकल चालवून दाखविली. लेडीज सायकली अपुऱ्या पडल्या, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या दांड्याच्या सायकली घेतल्या, आणि दांड्यावर मूल बसविता येते म्हणून पुढे त्याच पसंत केल्या! बिहारमध्ये 2006 पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले. अभ्यासकांनी पाहणी केली, तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी 32 टक्क्यांनी वाढलेली आढळली. शाळा तीन किलोमीटरहून दूर असलेल्या गावांत परिणाम अधिक होता. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. प्रश्न एवढाच, की बारावीनंतर ती सायकल कोण वापरतो?

पालकांच्या अडचणी मी जाणतो. बुरख्याचा घोळ किंवा ओढणी साखळीत अडकते, ही खरी अडचण. पण पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी लावली की ती बव्हंशी मिटते. महामार्गावरच्या ट्रकांत मुलीला पाठवा असे मी म्हणत नाही. आतले रस्ते पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात सकाळची शाळा असतेच. राहिली टिंगलटवाळी. कोपऱ्यावर उभी राहून हसणारी मुले आकाशातून पडलेली नाहीत. ती आपल्याच घरांतली, माझ्याच वर्गातली आहेत. त्यांना आवरण्याचे काम मुलींचे नव्हे, तुमचे आणि माझे आहे.

आणि केवळ विद्यार्थिनींपुरते हे नको. बँकेत, रेशनच्या दुकानात, आजारी मुलाला घेऊन डॉक्टरांकडे जाण्यासाठी आईला संध्याकाळपर्यंत कोणाची तरी वाट पाहावी लागते. ती दिवसाचे किती तास अशी घालविते, याचा हिशेब घरात कोणी ठेवीत नाही.

म्हणून संस्थेला माझी विनंती आहे, की शाळेचे पटांगण दर रविवारी सकाळी साडेसहा ते आठ केवळ मुली आणि मातांसाठी खुले ठेवावे. शिकविण्यास आमच्या शिक्षिका भगिनी तयार आहेत. ज्यांच्या घरी जुनी सायकल धूळ खात पडली असेल, त्यांनी ती कार्यालयात आणून द्यावी. पंक्चर, ब्रेक यांचा खर्च आम्ही शिक्षक वाटून घेऊ. माझी ती सायकल मी आणून ठेवली आहे. आपाला निरोप पाठविला होता. आधी ती हसली. मग म्हणाली, सीट खाली करून ठेव.