पेढ्याचा फोटो

(दहावी १९९६ तुकडीच्या तिसाव्या वर्षाच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला विषय दिलाय, 'मिळालेली प्रसिद्धी टिकवायची कशी?' कारण उघड आहे. गेल्या गणपतीत माझा एक व्हिडिओ तुमच्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलवर येऊन गेला. पण ती माझी दुसरी प्रसिद्धी. पहिली मिळाली १९९६मध्ये, आणि ती मी कशी घालवली ते आधी सांगते.

बोर्डाच्या गुणवत्ता यादीत माझं नाव आलं. तेव्हा यादी असायची, आता ती बंद झाली. दुपारी चाळीत फोटोग्राफर आला. आईने पेढा भरवला. फोटो नीट येईना, म्हणून तोच पेढा तिने तीनदा माझ्या तोंडाजवळ नेला! दुसऱ्या दिवशी नाक्यावर मंडळाच्या फळ्यावर माझं नाव झळकलं. एका क्लासमध्ये मी फक्त सराव परीक्षेपुरती गेले होते. त्यांनी न विचारता माझा मोठा फोटो बाहेर लावला. बाबांना त्याचं काही वाटलं नाही. उलट घरी येणाऱ्या पाहुण्यांना ते मुद्दाम त्या फोटोवरून आणायचे.

इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षी गणितात केटी लागली. घरी सांगितलं नाही, चाळीत तर नाहीच. फोटोतली मुलगी नापास कशी होईल? अभ्यास सोडून मी त्या फोटोची राखण करत बसले आणि दुसऱ्यांदाही नापास झाले. शेवटी गुपचूप शाळेत आले. आपल्या गणिताच्या बाई वह्या तपासत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "यादीत नाव एकदा लागतं गं, हजेरी रोज लागते. बस. वही काढ." पुढचे चार महिने दर शनिवारी त्यांनी मला शिकवलं. बाई आज पहिल्या रांगेत आहेत. बाई, ती वही अजून आहे माझ्याकडे.

हजेरीवरून आपल्या शेजारची, दादरची गोष्ट आठवते. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्डची उपांत्य फेरी. शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. दोन शाळकरी पोरं रातोरात गाजली. पुढच्याच वर्षी सचिन कराचीत कसोटी खेळला. १९९५मध्ये त्याचा मोठा जाहिरात करार झाला, पण तोवर त्याच्या खात्यात सहा वर्षांच्या धावा होत्या. त्याच्या नावाचा ब्रँड नंतर आला, नेटमधला घाम आधी.

त्या दिवशी तंबूत आणखी एक मुलगा पॅड बांधून आपल्या पाळीची वाट बघत होता, अमोल मुझुमदार. त्याची फलंदाजी आलीच नाही. पुढे रणजी पदार्पणात त्याने २६० धावा ठोकल्या. सगळे म्हणाले, हा नक्की भारताकडून खेळणार. नाही खेळला. पण तो खेळत राहिला. प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा केल्या, २००६-०७मध्ये कर्णधार म्हणून मुंबईला रणजी जिंकून दिली, मग प्रशिक्षक झाला. २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा मुख्य प्रशिक्षक तोच होता. १९८८ ते २०२५. मोजा वर्षं!

आता तो व्हिडिओ. चाळीतल्या एका काकूंनी जुनं कपाट ऑनलाइन विकायला काढलं. गिऱ्हाइकाने क्यूआर कोड पाठवला, 'स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.' काकूंनी टाकला आणि १८ हजार गेले. गणपतीच्या मांडवामागे बसून मी बायकांना समजावत होते, "पैसे घेताना पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. फसलात तर रडत बसू नका, ताबडतोब १९३०ला फोन करा." भाच्याने ते मोबाइलवर टिपलं, आणि आठवड्यात मी 'पिनवाली ताई' झाले.

मग फोन सुरू झाले. त्यातला एक झटपट कर्ज देणाऱ्या अॅपच्या जाहिरातीसाठी होता. अर्ध्या मिनिटाचे पैसे माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढे. खोटं कशाला बोलू, लेकीच्या फीचा हिशेब मनात करून झाला होता. त्याच संध्याकाळी काकू आल्या. "अगं, हल्ली मी कसलाही मेसेज आला तरी बटण दाबत नाही. आधी तुला विचारते." मी त्या अॅपवाल्यांना नाही म्हणून कळवलं. माझा भाव अर्ध्या मिनिटाच्या पैशांत ठरत नव्हता, तो काकूंच्या त्या 'आधी तुला विचारते'मध्ये होता. एकदा विकला असता, की पुन्हा मिळाला नसता.

आमच्या धंद्यात सर्व्हरने एका दिवशी किती गर्दी पेलली याचं कौतुक दोन दिवस टिकतं. वर्षभरात तो किती वेळ बंद पडला, हे मात्र गिऱ्हाईक कायम लक्षात ठेवतं. माणसाच्या नावाचंही तसंच आहे.

म्हणून तेव्हापासून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी मी मंडळाच्या खोलीत बसते. व्हिडिओ लाखोंनी पाहिला असेल, तिथे दहा-बाराजण येतात. कुणाला पेन्शनचा मेसेज खरा की खोटा ते बघायचं असतं, कुणाला पिन बदलायचा असतो. एकदा फक्त दोन आजी आल्या. त्या दिवशीही बसले, कारण हजेरी रोज लागते.

आता मागणं. खोली लहान पडतेय. मुख्याध्यापकांनी शाळेचा हॉल द्यायचं कबूल केलंय. आपल्या तुकडीत बँकेतले आहेत, पोलीस खात्यातले आहेत, दोन वकील आहेत. महिन्यातून एक रविवार, दोन तास. बाहेरच्या टेबलावर वही ठेवली आहे, नाव लिहून जा.

आणि यायचं कबूल करून कुणी दांडी मारली, तर हजेरी घ्यायला बाई येणार आहेत. विचारलंय मी त्यांना.

पेढे माझ्याकडून. यंदा फोटो नको.