गिझर काय सांगतो?

थंडी पडली की माझा फोन पहाटेपासून वाजू लागतो. मी गॅस गिझर दुरुस्त करतो. पलीकडून एवढंच ऐकू येतं, "गिझर आवाज करतोय." मी विचारतो, "कसला आवाज?" त्या उत्तरातच निम्मा बिघाड सापडतो.

नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा उचलला जातो, स्विच दाबला जातो, दोन मोठ्या सेलवर ठिणग्या उडतात आणि गॅसची वाट उघडते. सुरुवातीची टकटक ही त्या ठिणग्यांची. ती व्हायलाच हवी. टकटक होते पण जाळ धरत नाही, तेव्हा सिलिंडर पाहा आणि सेल बदला. टकटकच नाही, तर सेल संपलेत किंवा पाण्याला जोर नाही. अगदी वरच्या मजल्यावर, टाकी लगेच डोक्यावर असली, की पाण्याचा जोर कमीच पडतो.

पण 'भप्प' असा आवाज आला तर मात्र दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. ठिणगी उशिरा पडली, तोवर गॅस साठला आणि मग एकदम पेटला, असा त्याचा अर्थ. सेल मंदावलेले असतात, नाहीतर बर्नरच्या भोकांत धूळ, कोळ्याची जाळी बसलेली असते. उन्हाळाभर बंद असलेल्या गिझरमध्ये ती हमखास सापडते. नवे सेल घालूनही भप्प होत असेल, तर सिलिंडरचा कॉक बंद करा आणि मेकॅनिक येईपर्यंत चुलीवर पाणी तापवा.

बोअरचं पाणी असलेल्या घरात पातेलं खदखदावं तसा आवाज येतो. शॉवरच्या भोकांवर जो पांढरा थर दिसतो, तोच गिझरच्या तांब्याच्या नळीत आतून बसतो. क्षाराच्या त्या थरापाशी पाणी जागच्या जागी उकळून बुडबुडे फुटतात. आच कमी करा, पाण्याची धार वाढवा, आणि नळी आतून धुऊन घ्या. नळीवर हातोडी मारून थर पाडायला जाऊ नका. चिरलेल्या नळ्या मी पुष्कळ पाहिल्यात.

शिट्टीसारखा आवाज रेग्युलेटरपाशी येत असेल आणि सोबत वास असेल, तर दिव्याच्या बटणाला हात न लावता सिलिंडर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन गॅसगळतीच्या मदतीसाठी 1906 ला फोन करा.

वास यावा म्हणून गॅसमध्ये मुद्दाम मरकॅप्टन मिसळतात. पण कोंदट न्हाणीघरात हवा कमी पडली की जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि गिझर तर नेहमीसारखाच चालू असतो. आंघोळ करताना डोकं जड झालं, गरगरलं, तर लगेच बाहेर या. ज्यांचा गिझर न्हाणीघरात आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: तो बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. नळीचे चार फूट जास्त लागतील, एवढंच.