घाशीरामची बर्लिनवारी

‘घाशीराम कोतवाल’ पाहिलाय? वादळ उठवणारं नाटक नव्हे, त्यावरचा 1976चा सिनेमा! पटकथा नाटककार विजय तेंडुलकरांची, नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे, ओम पुरींचं पडद्यावरचं पदार्पण. दिग्दर्शनात मणि कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप अशी तरुण मंडळी. गोष्ट पेशवाईतल्या पुण्याची, पण प्रत जपली बर्लिनच्या ‘आर्सेनल’ संस्थेनं. तिथंच डिजिटल पुनरुज्जीवन झालं आणि 2014च्या बर्लिन महोत्सवात तो पुन्हा झळकला. आपल्या अनास्थेबद्दल काय बोलावं! जुन्या फिल्मच्या पुनरुज्जीवनाचं काम मोठं किचकट. सेकंदाला 24 चित्रं, प्रत्येकावरचे ओरखडे पुसायचे. रिळाला व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, की फिल्म कुजू लागली समजा. आपल्या घरातल्या जुन्या चित्रफितीही जपायला हव्यात: व्हिडिओ कॅसेटवर बुरशी दिसली, तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या.