लेबलवर नाव कुणाचं?

आजचं गाणं लांबचं आहे, अमेरिकेतलं, आणि भाषाही इंग्रजी. तरी रेडिओ बंद करू नका. शब्द सगळे कळायला हवेत असं काही नाही, आम्हालाही कळत नाहीत. ज्या बाईचा आवाज आपण ऐकणार आहोत तिचा हिशेब मात्र तुमच्या-आमच्या चांगल्या ओळखीचा आहे.

तारीख २ जुलै १९३५. न्यूयॉर्क शहरात ब्रन्सविक नावाच्या रेकॉर्ड कंपनीसाठी सात वादक आणि एक गायिका एका खोलीत जमली. पुढारी होता पियानो वाजवणारा टेडी विल्सन, वय बावीस. त्याचे आईवडील टस्कीगी इथल्या कृष्णवर्णीयांच्या नावाजलेल्या शिक्षणसंस्थेत नोकरीला होते, त्यामुळे पोरगा शिकलेला, शांत, नीटनेटका. वाजवणंही तसंच. त्या काळचे पुष्कळ पियानोवाले डाव्या हातानं ढोल बडवल्यासारखा ठेका धरायचे. विल्सनचा डावा हात हलका चालायचा आणि उजवा हात एकेक सूर मोकळा सोडायचा.

गायिका वीस वर्षांची होती. नाव बिली हॉलिडे. बाल्टिमोर शहरात गरिबीत वाढलेली, लहानपणी लोकांच्या घरच्या पायऱ्या आणि फरशा घासलेली. गाणं कुणी बसवून शिकवलं नाही. दुसऱ्यांच्या घरी ग्रामोफोन वाजायचा, तो ऐकून ती शिकली. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत लहानशा क्लबांमधून ती गायची. तिथं जॉन हॅमंड या गोऱ्या माणसानं तिला ऐकलं आणि रेकॉर्डिंगपर्यंत आणलं.

काळ मंदीचा होता. लोकांकडे रेकॉर्ड विकत घ्यायला पैसे नव्हते. पण खानावळीत, दारूच्या गुत्त्यात ज्यूकबॉक्स आला होता. नाणं टाकायचं, गाणं ऐकायचं. त्या यंत्रांना सतत नवी गाणी लागायची, ती स्वस्तात बनवायची, म्हणून ही लहान मंडळी. मोठ्या बँडसारखा लिहून काढलेला बाड नव्हता आणि तालमीही फार नव्हत्या. कुणी कधी वाजवायचं ते बरंचसं तिथल्या तिथं ठरायचं. बाजारातली चांगली नवी गाणी आधी नावाजलेल्या गोऱ्या कलाकारांकडे जायची. उरलेल्यातून विल्सननं निवडायची. म्हणजे मंडईत संध्याकाळी उरतो तो माल. त्यातलीच कित्येक गाणी आज फक्त या रेकॉर्डमुळे लोकांना माहीत आहेत.

आम्ही स्टेशनवर रेकॉर्डिंग करतो तेव्हा कुणाला खोकला आला, शब्द अडखळला, तर तेवढं कापून टाकतो. तेव्हा तशी सोय नव्हती. आवाज सरळ मेणाच्या तबकडीवर कोरला जायचा. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. चूक झाली की सगळं पहिल्यापासून. त्या एका दिवसात त्यांनी चार गाणी केली.

आता त्या तीन मिनिटांची वाटणी बघा, कारण खरी गंमत तिथं आहे. बिलीला गाण्याची एक फेरी मिळायची. बाकीचा वेळ क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि पियानो यांचा. कागदावर ती आठ जणांतली एक. पण ती गायला लागली की तिच्यामागे कुणीतरी हळूच सूर भरतं, तिच्यावर चढत नाही. विल्सनचा पियानो तर तिनं श्वास घेतला की तेवढ्यात दोन शब्द बोलून परत गप्प बसतो. आणि ती काय करते? ठेक्याच्या नेमकी वर पाय ठेवत नाही, जरा मागे रेंगाळते. जातं आपल्या गतीनं फिरत असतं आणि दळणारी बाई ओवीची ओळ लांबवून पुढच्या फेऱ्यात सोडते ना, तसं काहीसं. घाई वाद्यांना आहे, तिला नाही.

रेकॉर्डच्या गोल कागदावर ठळक अक्षरात छापलं होतं ‘टेडी विल्सन आणि त्याचा ऑर्केस्ट्रा’. बिलीचं नाव खाली, बारीक, गायन कुणाचं ते सांगण्यापुरतं. पैसे उक्ते. काम झालं, मजुरी घेतली, संपलं. रेकॉर्ड किती खपली त्यातला वाटा नाही. आमच्या ओळखीच्या गटांमधल्या ज्या बाया दुसऱ्याच्या छापील पाकिटात पापड भरून देतात, त्यांना हे निराळं समजवायला नको.

यात विल्सनला खलनायक करू नका. त्याचीही वेळ काही सोपी नव्हती. त्या दिवशी क्लॅरिनेट वाजवणारा बेनी गुडमन गोरा होता. बंद खोलीत काळे-गोरे एकत्र वाजवू शकत होते, लोकांसमोर मंचावर बसणं वेगळं. गुडमनच्या त्रिकुटात विल्सन उघडपणे लोकांसमोर बसला तो १९३६ मध्ये, शिकागोत, आणि ती मोठी बातमी ठरली. बिली १९३८ मध्ये एका गोऱ्या बँडबरोबर गात होती, तेव्हा न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात तिला मालाच्या लिफ्टनं जायला लावलं. तिनं तो बँड सोडला.

लेबलचं मात्र लवकर बदललं. या गाण्यांना गिऱ्हाईक आहे हे दिसल्यावर १० जुलै १९३६ ला तिच्या स्वतःच्या नावानं रेकॉर्डिंग झालं, ‘बिली हॉलिडे आणि तिचा ऑर्केस्ट्रा’. त्या दिवशीच्या चार गाण्यांतलं एक तिनं स्वतः रचलेलं होतं, ‘बिलीज ब्लूज’. उक्ती मजुरी मात्र तशीच राहिली. ती वाढवून मिळावी म्हणून बर्नी हॅनिगन हा कंपनीतला माणूस भांडला, असं तिनं पुढे आपल्या पुस्तकात लिहिलं. विल्सनबरोबरचं कामही चालू होतंच. १९३७ च्या जानेवारीत लेस्टर यंग हा सॅक्सोफोनवाला त्यात आला. दोघं एकमेकांना जे बोलत ते गाण्यात ऐकू येतं. त्यानं तिला ‘लेडी डे’ म्हटलं, तिनं त्याला ‘प्रेझ’, म्हणजे अध्यक्ष. आम्हाला विचाराल तर सगळ्यांत गोड गाणी त्या वर्षाची.

१९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या इस्पितळात बिली वारली, चव्वेचाळिसाव्या वर्षी. तिच्या बँक खात्यात सत्तर सेंट होते. रेकॉर्ड तेव्हाही विकल्या जात होत्या, आजही विकल्या जातात.

आता २ जुलै १९३५ चं ‘व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू’ लावतो. आधी क्लॅरिनेट येईल, भरधाव. घाबरू नका, ती येईपर्यंत थांबा. ती आली की पाय वाद्यांबरोबर हलवा आणि कान तिच्याकडे ठेवा. कुठे कुठे ती मागे राहते ते मोजून आम्हाला कळवा.