कमठ्याचा बांबू



इथे बसलेल्या कितीतरी जणांच्या घरात एकेकाळी कमठा, म्हणजे बांबूचं धनुष्य, होता. कुडाला खोचलेला किंवा आढ्याला टांगलेला. आज तो वारली चित्रात दिसतो आणि बोहाड्याच्या उत्सवात रामलक्ष्मणाच्या सोंगांच्या हातात दिसतो. चित्रातला कमठा ताणावा लागत नाही, सोंगाचा कमठा मोडला तरी कुणी उपाशी राहत नाही. खरा कमठा ताणावा लागतो, आणि तो टिकेल की तडकेल हे बेटातून बांबू निवडतानाच ठरलेलं असतं. आज मी नेमबाजीवर बोलणार नाही. बोलणार आहे ते या निवडीवर.

सुरुवात थोडी लांबून करतो. धनुष्याच्या लाकडाचा विषय निघाला की युरोपातले लोक यू नावाच्या झाडाचं नाव घेतात. हे सूचिपर्णी झाड आहे. आपल्याकडे हिमालयात त्याचं भावंड वाढतं, उत्तराखंडात त्याला थुनेर म्हणतात. आल्प्समधल्या बर्फात १९९१ साली सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाचं शव सापडलं, त्याच्याजवळ अर्धवट तासलेलं धनुष्य होतं, तेही यूचंच. इंग्लंडच्या राजाचं 'मेरी रोझ' हे जहाज १५४५ साली बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं गेलं. त्यातून १३० हून अधिक धनुष्यं अखंड मिळाली, तीही यूची. इंग्लंडला स्वतःचं चांगलं लाकूड पुरत नव्हतं, म्हणून १४७२ मध्ये त्यांनी कायदाच केला: बाहेरून माल आणणाऱ्या व्यापाऱ्याने मालाच्या दर टनामागे धनुष्याच्या चार पट्ट्या आणल्या पाहिजेत.

एवढं यूमध्ये काय आहे? धनुष्य वाकतं तेव्हा त्याची बाहेरची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते. आतली, आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. यूच्या सालीखालचं पांढरं लाकूड ताण सोसतं आणि आतला तांबूस गाभा दाब सोसतो. दोन्ही एकाच फांदीत, निसर्गानेच चिकटवून दिलेले. पण कारागिराला तिथे मोठी कसरत करावी लागते. झाडाच्या खोडात वर्षागणिक एक वळं वाढतं. धनुष्याच्या पाठीवर त्यातलं एकच वळं टोकापासून टोकापर्यंत अखंड राहिलं पाहिजे. लाकूड जिथे वर जातं तिथे हत्यारानेही वर जायचं, जिथे गाठ येते तिथे वळसा घ्यायचा. एका जागी वळं कापलं गेलं तर तिथूनच चीर सुटते.

आता आपल्या बेटाकडे या. बांबू हे गवत आहे, त्याला वळी नसतात. त्याचं बळ त्याच्या धाग्यांत असतं आणि हे धागे बाहेरच्या अंगाला दाट, आत पोकळीकडे जाताना विरळ होत जातात. म्हणजे ताण सोसणारी पाठ बांबू स्वतःच घेऊन येतो: त्याची गुळगुळीत, चकचकीत साल. यूच्या कारागिराला जे दिवसभर शोधावं लागतं, ते आपल्याला फुकट मिळालेलं आहे. म्हणून कमठ्याचा नियम एवढाच: साल बाहेरच्या अंगाला ठेवायची आणि तिला कोयता लावायचा नाही. जे काय तासायचं ते पोटाकडून. पेरांच्या गाठी बाहेर थोड्या उंच दिसतात, त्या सपाट करण्याचा मोह होतो. तोही आवरायचा, कारण गाठीपाशी धागे वळलेले असतात आणि तिथे कापलं की ते तुटतात. मी पहिला कमठा केला तेव्हा तो देखणा दिसावा म्हणून गाठी तासल्या होत्या. तिसऱ्या दिवशी तो गाठीवरच मोडला.

बांबू कोणता घ्यावा? भरीव जातीचा, जाड भिंतीचा. कळकाची पोकळी मोठी असते, तो घरकामाला बरा. पण जातीहून मोठी गोष्ट वयाची. कोंब पहिल्याच पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो, म्हणून नवशिक्याला वाटतं की झाला तयार. उंची होते, पण घट्टपणा येत नाही. तो यायला तीन-चार वर्षं लागतात. कोवळ्या बांबूच्या पेरांवर तपकिरी आवरणं असतात आणि अंगावर पांढरी भुकटी दिसते. जून बांबूची साल मळकट होते, तिच्यावर शेवाळासारखे डाग येतात. एका वारली आजोबांबरोबर मी बेटात गेलो होतो. त्यांनी वय डोळ्यांनी जोखलं नाही, कोयत्याच्या मागच्या बाजूने एकेक बांबू ठोकत गेले. कोवळा मऊ वाजतो, जून टणटणीत. नऊ बांबू ठोकून दहावा तोडला. शिवाय पेरांची मांडणी बघितली: मुठीच्या दोन्ही बाजूंना पेरं सारखी यायला हवीत, नाहीतर एक बाहू जास्त वाकतो आणि तीर भरकटतो.

आणि तोडायचा कधी? हीच गोष्ट मला आज सगळ्यात जास्त सांगायची आहे. बांबूत पिठासारखा गोडसर अंश असतो, टोके नावाची कीड लागते ती त्यासाठीच. पावसाळ्यात कोंब वाढवण्यात तो खर्ची पडतो, म्हणून पाऊस संपल्यावर, थंडीत तोडलेल्या बांबूला कीड कमी लागते. अमावास्येलाच तोडावा असं जुनी माणसं सांगतात. चंद्राचं मी पुढे रेटत नाही, पण ऋतूचं म्हणणं पक्कं आहे. कार्तिक ते माघ, हा कमठ्याच्या बांबूचा हंगाम. मग तोडलेला बांबू वाहत्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायचा आणि सावलीत, नाहीतर चुलीवरच्या माळ्यावर धुरात वाळवायचा. किराणा दुकानातल्या काट्यावर आठवड्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की समजा, वाळला.

आता सांगा, कार्तिकात आपल्या मोखाडा तालुक्यातली माणसं कुठे असतात? भात कापून झालं, दिवाळी झाली, की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात. परत येतात तेव्हा ऊन तापलेलं असतं आणि बांबूचा हंगाम उलटलेला असतो. लोक म्हणतात, नवी पिढी विसरली. मला ते पटत नाही. हे ज्ञान कोणी विसरलेलं नाही. ते हातात घ्यायचे जे तीन-चार महिने, तेच महिने गावाबाहेर जातात. बाप भट्टीवर असताना पोराला बांबू ठोकून दाखवणार कोण?

कायद्यानेही अडवलं होतं. १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडात धरला होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटलं, आणि २०१७ मध्ये वनक्षेत्राबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून काढला. म्हणून स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडायला आज भिण्याचं कारण नाही. धामणीच्या लाकडाचंही धनुष्य उत्तम होतं, संस्कृतात तिला धनुर्वृक्ष असंच नाव आहे. पण त्यासाठी झाड पाडावं लागतं. बांबूच्या बेटातून एक जून बांबू काढला तर बेटाला त्रास होत नाही.

दोरीबद्दल थोडक्यात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्याच्या दोऱ्यांची यादी आहे. तिच्यात ताग आहे, रुई आहे, स्नायू आहेत आणि बांबूही आहे. भिल्लांच्या धनुष्याला अजून बांबूच्या सालीची पातळ पट्टीच दोरी म्हणून लावतात. पावसात ती सुती दोरीसारखी लांबत नाही. अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या मुलुखात याचं मोल वेगळं सांगायला नको.

शिकारीसाठी कमठा करा असं मी म्हणत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती बंद झाली, आणि डोंगरात आता फारसं उरलेलंही नाही. पण धनुर्विद्येच्या राष्ट्रीय स्पर्धांत 'इंडियन राउंड' असतो, तो साध्या बांबूच्या धनुष्याने खेळतात. राजस्थानातला लिंबाराम आदिवासी घरातल्या बांबूच्या धनुष्यावर हात बसवूनच पुढे ऑलिम्पिकपर्यंत गेला. आपल्या मुलांना हे धनुष्य बाजारातून विकत आणावं लागतं, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून एक काम सांगतो, फार सोपं आहे. येत्या पावसाळ्यात बेटात जे वास्ते निघतील ते सगळे खाऊ नका, विकू नका. जोमदार आहेत ते राखा, आणि आवरणं गळली की प्रत्येकावर तेलरंगाने त्या वर्षाचा आकडा घाला. मग ठोकून ओळखणारे आजोबा नसले, बाप भट्टीवर असला, तरी घरी राहिलेल्या आजीला किंवा शाळेतल्या पोरांना कोणता बांबू जून झाला ते वाचता येईल. आज जो मुलगा पाचवीत आहे, तो नववीत जाईल तेव्हा दिवाळीनंतर त्याच्या आकड्याचा बांबू तोडायला आलेला असेल.